कळणं आणि खटकणं

१९९५ साली मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँडरिन चिनी ही मातृभाषा असलेल्या १० जणांनी एक चित्रकथा पाहून तिचं इंग्रजीत वर्णन केलं. त्या बोलण्यातले छोटे तुकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्या १८ श्रोत्यांना ऐकवले गेले. ऐकलेलं वाक्य शब्दशः लिहून काढायचं, ते समजायला किती सायास पडले ते सांगायचं आणि बोलणाऱ्याचा परका हेल किती ठळक वाटला त्याला गुण द्यायचे, अशी तीन कामं श्रोत्यांकडे होती. आकडे हाती आले तेव्हा दिसलं, की कितीतरी वाक्यं श्रोत्यांनी एकही शब्द न चुकवता लिहिली होती आणि त्याच वाक्यांना ‘हेल फार जड’ असे गुणही दिले होते. हेल खटकला होता, पण अर्थ पोहोचायला त्याची काही आडकाठी झाली नव्हती. द्वितीय भाषेच्या उच्चारांचा अभ्यास आणि अध्यापन हे माझं क्षेत्र. या क्षेत्रात गेल्या तीसेक वर्षांत जे ठामपणे हाती लागलं, त्यात हा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो एकदा मान्य केला, की वर्गात काय शिकवायचं, काय सोडून द्यायचं आणि कुणाला कशाबद्दल टोकायचं, हा सगळा क्रम बदलतो. महाराष्ट्रात इंग्रजी शिकवताना, आणि आता अमराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवताना, आपण हा क्रम उलटा धरला आहे, असं माझं म्हणणं आहे.

विचार तसा जुना आहे. १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी संस्था काढली, जिच्यातून पुढे आंतरराष्ट्रीय स्वनलिपी आली, ती मुळात भाषाशिक्षकांची संघटना होती. मुलांना परक्या भाषेचे उच्चार कसे शिकवावेत, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. डेव्हिड ॲबरक्रॉम्बी या ब्रिटिश स्वनवैज्ञानिकानं १९४९ मध्येच लिहून ठेवलं, की बहुसंख्य विद्यार्थ्यांना हुबेहूब इंग्रजांसारखं बोलण्याची गरज नसते. ऐकणाऱ्याला फार त्रास न होता समजेल असं बोलता आलं की पुरे. पण त्यानंतरची दोन-तीन दशकं वर्गात टेपरेकॉर्डरचं आणि घोकंपट्टीचं राज्य होतं, आणि त्या पद्धतीचं ध्येय नक्कल हेच होतं. पुढे संवादाला महत्त्व देणारी पद्धत आली तेव्हा घोकंपट्टीबरोबर उच्चारांचं शिक्षणही अडगळीत गेलं. बोलता बोलता उच्चार आपोआप सुधारतील, अशी समजूत होती. तसं झालं नाही. २००५ मध्ये जॉन लेव्हिस यांनी या सगळ्या इतिहासामागची दोन तत्त्वं वेगळी करून दाखवली. एक तत्त्व म्हणतं, मातृभाषकासारखं बोला. दुसरं म्हणतं, समजेल असं बोला. दोन्ही तत्त्वं एकाच वर्गात एकाच वेळी चालवता येत नाहीत, कारण तास मोजकेच असतात आणि पहिलं तत्त्व ते सगळे तास खाऊन टाकतं.

प्रौढ माणसाला परक्या भाषेचे ध्वनी का जमत नाहीत, याचं उत्तर आपण जिभेत शोधतो. बरंचसं उत्तर कानात आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यातले ध्वनी आपले आहेत: हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’. इंग्रजी घरांत वाढणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता ओसरलेली दिसली, आणि इंग्रजी भाषक प्रौढांना तर दोन्ही ध्वनी जवळजवळ एकच वाटत होते. वर्षभरात मूल आपल्या भाषेला न लागणारे भेद बाजूला सारतं आणि लागणाऱ्या भेदांवर कान पक्का करतं. पुढे कॅथरीन बेस्ट आणि जेम्स फ्लेगी यांनी वेगवेगळ्या वाटांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. परका ध्वनी कानावर पडला, की आपण तो आपल्या भाषेतल्या जवळच्या खणात टाकतो. दोन परके ध्वनी दोन वेगळ्या खणांत पडले तर अडचण येत नाही. दोन्ही एकाच खणात पडले, की ते एकच होऊन जातात. जपानी माणसाला इंग्रजीतले र आणि ल एकसारखे ऐकू येतात त्यामागे हेच कारण आहे. फ्लेगी यांचा आणखी एक मुद्दा शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे: अगदी नवा, अनोळखी ध्वनी एक वेळ शिकता येतो, आपल्या ध्वनीशी जवळजवळ जुळणारा, पण नेमका तो नसलेला ध्वनी जास्त फसवतो, कारण शिकण्यासारखं काही उरलं आहे हेच कानाला कळत नाही.

मग कानच घडवला तर? अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून जपानी विद्यार्थ्यांवर केलेली कामं या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर देतात. विद्यार्थ्यांना र आणि ल असलेल्या शब्दजोड्या ऐकवायच्या, कोणता शब्द होता ते निवडायला लावायचं आणि बरोबर की चूक ते लगेच सांगायचं, एवढीच रीत. कळीची गोष्ट अशी, की शब्द अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत असायचे. अशा सरावानं ओळख सुधारली, पूर्वी कधी न ऐकलेल्या आवाजांतही सुधारली. एकाच आवाजावर सराव दिला तेव्हा मात्र सुधारणा त्या आवाजापुरतीच राहिली. १९९७ मध्ये ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की केवळ कानाच्या सरावानं या विद्यार्थ्यांचं बोलणंही सुधारलं; बोलण्याचा सराव त्यांना दिलाच नव्हता. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता. आपल्या शाळांत उच्चार शिकवायचे म्हणजे शिक्षकानं एकदा म्हणायचं आणि वर्गानं सुरात त्याच्यामागून म्हणायचं, अशी पद्धत आहे. त्यात विद्यार्थ्याला एकच आवाज ऐकू येतो आणि आपण काय ऐकलं याची परीक्षा कुठेच होत नाही. ज्याला फरक ऐकूच आला नाही तो शंभरदा म्हणून स्वतःचीच चूक पक्की करतो.

आता मराठी माणसाचं इंग्रजी घेऊ. इंग्रजीच्या वर्गांत आणि ‘व्यक्तिमत्त्व विकासा’च्या शिबिरांत सर्वांत जास्त घाम ज्या ध्वनीवर गाळला जातो, तो ‘थिन’ आणि ‘थँक यू’मधला, जीभ दातांच्या मध्ये आणून फुंकर मारायची तो ध्वनी. मराठी माणूस तिथे ‘थ’ म्हणतो. बेस्ट यांच्या हिशोबानं पाहिलं तर इंग्रजी ‘थिन’ आपल्या ‘थ’च्या खणात पडतं आणि इंग्रजी ‘टिन’ आपल्या ‘ट’च्या खणात. खण दोन, ध्वनी दोन, भेद शाबूत. शिवाय इंग्रजीत केवळ या ध्वनीवर अर्थ लटकलेले शब्द थोडे आहेत. एखादा ध्वनिभेद भाषेत किती शब्दांचा भार वाहतो, याचा हिशोब जे. सी. कॅटफर्ड आणि ॲडम ब्राउन यांनी १९८० च्या दशकात मांडला. त्या हिशोबात हा ध्वनी तळाशी येतो. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांमधल्या इंग्रजी संभाषणांचा अभ्यास करून समजण्यासाठी आवश्यक अशा घटकांचा गाभा सुचवला. त्यातूनही त्यांनी हा ध्वनी वगळला. त्या गाभ्यात काय आहे? आखूड आणि लांब स्वरांतला भेद आहे. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कितीही कडक असले, तरी बोलण्यात इ आणि ई यांची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरते, तिच्यावर अर्थ फारसा अवलंबून नसतो. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ ही आपल्याला खरी अडचण आहे, आणि इंग्रजीत या भेदावर शब्दांचा मोठा भार आहे. प, ट, क हे ध्वनी शब्दारंभी आघात घेऊन आले की त्यांच्यासोबत येणारा श्वासाचा झोत हाही त्या गाभ्यात आहे. आपण ‘पिन’ म्हणतो तेव्हा तो झोत नसतो, आणि इंग्रजाच्या कानाला तिथे ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. ज्या भाषेत ख, ठ, थ आहेत त्या भाषेच्या माणसाला हा झोत शिकवणं किती सोपं आहे! ‘किंग’मधला क जरा ख कडे, ‘टिन’मधला ट जरा ठ कडे झुकवायला सांगितलं, की काम झालं. एवढ्या तयार भांडवलाकडे आपल्या वर्गांत क्वचितच कुणी पाहतं.

याहून मोठी गोष्ट आघाताची आहे. इंग्रजी शब्दात कोणत्या अक्षरावर वजन पडतं यावर ऐकणाऱ्याची शब्द ओळखण्याची सारी युक्ती उभी असते. ‘डेव्हलप’ या शब्दात वजन दुसऱ्या अक्षरावर हवं. आपण ते पहिल्यावर देतो किंवा तिन्ही अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो. आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी कितपत समजतं यावर केलेला अभ्यास १९६९ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेनं प्रसिद्ध केला. न समजण्याच्या महत्त्वाच्या कारणांत त्यांनी शब्दावरच्या चुकीच्या आघाताचा समावेश केला होता. २००५ मध्ये जॉन फील्ड यांना आढळलं, की आघात शब्दात उजवीकडे, म्हणजे पुढच्या अक्षराकडे सरकला तर शब्द ओळखणं जास्त बिघडतं. हे इंग्रजी मातृभाषक श्रोत्यांबाबत खरं होतं, आणि इतर भाषांच्या श्रोत्यांबाबतही. मराठीत आघात शब्दांचे अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो आपल्याला नीट ऐकूही येत नाही. फ्रेंच भाषकांची हीच अडचण एमान्युएल दुपू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रयोगानं दाखवून दिली होती.

वाक्यातल्या आघाताची कथा आणखी रंजक आहे, आणि इथे मराठी भाषकाच्या हाती एक किल्ली आहे. ‘मीच काल दिलं’, ‘मी कालच दिलं’, ‘मी काल दिलंच’ ही तीन वाक्यं तीन वेगळ्या शंकांची उत्तरं आहेत. मराठी हे काम ‘च’वर आणि शब्दांच्या क्रमावर सोपवते, इंग्रजी ते बहुतांशी आवाजाच्या वजनावर सोपवते. म्हणून आपला माणूस इंग्रजी बोलताना वजन सपाट ठेवतो आणि ‘च’ची उणीव ‘ओन्ली’नं भरून काढतो: ‘आय गेव्ह इट यस्टरडे ओन्ली.’ व्याकरणाचे शिक्षक त्या ‘ओन्ली’वर तुटून पडतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला विचारावं, हे वाक्य मराठीत बोललास तर ‘च’ कुठे येईल? जिथे येईल त्या इंग्रजी शब्दावर वजन दे. वाक्यातला आघात चुकल्यानं काय होतं, हे लॉरा हान यांनी २००४ मध्ये तपासलं. कोरियन मातृभाषा असलेल्या एका अध्यापकाचं एकच व्याख्यान तीन प्रकारे ध्वनिमुद्रित केलं: एकात मुख्य आघात योग्य जागी, दुसऱ्यात चुकीच्या जागी, तिसऱ्यात आघातच नाही. आघात योग्य जागी होता तेव्हा विद्यार्थ्यांना मजकूर जास्त आठवला आणि वक्त्याबद्दल त्यांचं मतही जास्त चांगलं झालं. सुटे ध्वनी तिन्ही वेळा त्याच माणसाचे होते.

डर्विंग, मन्रो आणि ग्रेस वीब यांनी १९९८ मध्ये शिकवण्याच्या पद्धतींचीच तुलना केली. एका गटाला बारा आठवडे सुटे ध्वनी शिकवले, दुसऱ्याला आघात, लय, सूर आणि बोलण्याचा वेग असा एकूण ढंग शिकवला. वाचून दाखवलेल्या वाक्यांत दोन्ही गट सुधारले. पहिल्या गटाचा हेलही उतरला. पण चित्रं पाहून स्वतःच्या मनानं गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा समजायला सोपं झालं ते फक्त दुसऱ्या गटाचं बोलणं. माणूस स्वतःचं काही सांगू लागतो तेव्हा त्याचं लक्ष जिभेच्या टोकावर राहू शकत नाही. सुटे ध्वनी शिकवूच नयेत, असा याचा अर्थ मी काढत नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ शिकवायलाच हवेत. पण तासाचा मोठा वाटा कुठे जावा, हे यावरून ठरतं.

यावर पहिला आक्षेप वयाचा येतो. लहानपण सरलं की उच्चार बदलत नाहीत, मग मोठ्यांवर वेळ का दवडावा? फ्लेगी, मन्रो आणि इयन मकाय यांनी इटलीहून कॅनडात आलेल्या २४० जणांचं इंग्रजी तपासलं. येताना त्यांची वयं २ ते २३ वर्षं होती आणि त्यांनी कॅनडात सरासरी तीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. येतानाचं वय जितकं जास्त, तितका हेल जास्त, हे त्यात स्वच्छ दिसलं. इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंही हेल गेला नाही, ही गोष्ट मी नाकारत नाही. ती माझ्या बाजूचाच पुरावा आहे. जे ध्येय बहुतेक प्रौढांच्या आवाक्याबाहेर आहे, ते अभ्यासक्रमात कशासाठी ठेवायचं? समजण्याजोगं बोलणं मात्र आवाक्यात असतं. ली, जँग आणि प्लॉन्स्की यांनी २०१५ मध्ये उच्चारशिक्षणावरच्या ८६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं आणि शिकवण्याचा परिणाम चांगलाच भरीव असल्याचं दाखवलं. त्याला २०१९ च्या सायतो आणि प्लॉन्स्की यांच्या विश्लेषणाची मर्यादा जोडायला हवी: फायदा मुख्यतः वाचून दाखवणं, ऐकून म्हणणं अशा बांधीव कामांत दिसतो, मनमोकळ्या बोलण्यात तो उतरल्याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. माझ्या मते याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. वर्गात बांधीव कामंच करून घेतली, तर फायदाही तिथेच अडकणार.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो बहुधा पालकांकडून येतो. जग हेलावरून माणसाची किंमत ठरवतं. मुलाखतीत, बढतीत, व्हिसाच्या खिडकीवर हेल नडतो. मग मुलांचा हेल घालवायला नको? पक्षपात खराच आहे. शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसार यांनी २०१० मध्ये दाखवलं, की सामान्यज्ञानाचं साधंसं विधान परक्या हेलात ऐकलं तर श्रोत्यांना ते कमी खरं वाटतं, बोलणारा फक्त दुसऱ्याचं वाक्य वाचतो आहे हे सांगितलं असलं तरी. पण डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग याच्या पुढे जातो. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज अमेरिकी मातृभाषक स्त्रीचा होता. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचं छायाचित्र दाखवलं, काहींना आशियाई स्त्रीचं. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परका हेल ऐकू आला आणि व्याख्यानही कमी समजलं. आवाजात नसलेला हेल चेहऱ्यानं निर्माण केला. हेल पुसून टाकला की पक्षपात थांबेल, हे आश्वासन म्हणूनच खोटं आहे. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांमध्ये ‘ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन’ या नावानं जे प्रशिक्षण दिलं गेलं, त्याचाही पाया हाच होता, की ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाची भरपाई बोलणाऱ्यानं करावी. परीक्षांचं म्हणाल, तर आयएल्ट्सच्या तोंडी परीक्षेचे निकष उघडून पाहा: उच्चारांच्या वरच्या श्रेणी बोलणं किती सहज समजतं यावर ठरतात आणि मातृभाषेच्या हेलाला तिथे मज्जाव नाही. युरोपीय भाषा-चौकटीच्या २०१८ च्या सुधारणेतही उच्चारांचे निकष मातृभाषकाच्या नमुन्यावरून समजण्याकडे वळवले गेले. कुणाला अभिनयासाठी किंवा निवेदनासाठी विशिष्ट हेल हवा असेल तर तो जरूर शिकावा, आम्ही तो शिकवूही. फक्त त्याला स्पष्टता म्हणू नये.

हेच सगळं आता मराठीच्या दारात आलं आहे. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सर्व शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, म्हणजे हिंदी, गुजराती, तमिळ, बंगाली घरांतली लाखो मुलं मराठी ही द्वितीय भाषा म्हणून शिकत आहेत. आपण त्यांना कशावर टोकतो? हिंदी भाषक मूल ‘चांगला’ किंवा ‘चूक’ हा शब्द ‘चिंच’च्या सुरुवातीचा तालव्य च वापरून म्हणतं, आणि वर्ग हसतो. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, लिपी तो भेद दाखवत नाही, आणि केवळ त्यावर अर्थ बदलणाऱ्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: थोडासा या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’, अशा. म्हणजे इंग्रजीतला ‘थ’ तोच आपल्याकडचा ‘च’: खटकतो सर्वांत जास्त आणि अर्थ सर्वांत कमी बिघडवतो. उलट, तमिळ घरातल्या मुलाला खाणं-गाणं, दार-धार, भात-बात हे भेद ऐकायला शिकवण्यात जो वेळ जाईल तो सत्कारणी लागेल, कारण घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण या भेदांवर मराठीचा अर्धा शब्दकोश तोललेला आहे. हिंदी भाषक मुलाला ळ शिकवावा, कारण वेळ-वेल, गाळ-गाल, माळ-माल या जोड्यांत दोन्ही बाजूंना नामं आहेत आणि ‘वेळ वाढवली’ की ‘वेल वाढवली’ हे वाक्यावरून नेहमी कळेलच असं नाही. काळ-काल या जोडीत मात्र एक नाम, एक क्रियाविशेषण. तिथे वाक्यच मदतीला येतं. गुजराती मुलाला ळ आणि ण घरूनच मिळालेले असतात, त्याला यातलं काहीच नको. एकच पाठ सगळ्यांना लावण्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

इथे तिसरा आक्षेप शुद्धतेचा. ज्या परंपरेनं शिक्षा आणि प्रातिशाख्यं हे उच्चारशास्त्राचे ग्रंथ रचले, जिच्या वर्णनांनी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय स्वनविज्ञानालाही वळण दिलं, तिचे वारस आपण. ‘समजलं की झालं’ असं आपण कसं म्हणायचं? वेदपठणात ध्वनी जसाच्या तसा राखणं हेच कार्य होतं, तिथे काटेकोरपणाला पर्याय नव्हता. संभाषणाचं कार्य वेगळं आहे. पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीच्या दोन कथा एकत्र वाचल्या तर हा फरक नेमका दिसतो. ‘इंद्रशत्रु’ या समासाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा याऐवजी इंद्र ज्याला मारील तो, असा अर्थ झाला. ही अर्थ उलटवणारी चूक, ती टाळायलाच हवी. दुसऱ्या कथेत असुर ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणतात आणि पराभूत होतात. त्यांचं म्हणणं कुणाला समजलं नाही असं तिथे नाही. ‘र’चा ‘ल’ करणं ही पूर्वेकडच्या बोलींची खूण, अशोकाच्या पूर्वेकडच्या लेखांत राजासाठी ‘लाजा’ असंच कोरलेलं आहे. एका प्रदेशाचं बोलणं असुरांच्या तोंडी घातलं गेलं आणि दोष ठरलं, असाच अर्थ मला दिसतो. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, किनारपट्टीच्या आगरी-कोळी बोलींत ळ आणि ण यांच्या जागी ल आणि न येतात, आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आजही आपल्या वर्गांत अशुद्ध म्हटलं जातं. तिथे टोकलं जातं ते त्याच्या घराला, गावाला आणि बहुतेकदा जातीला. मग ळ नसलेल्या बोलींचं चालतं, तर हिंदी भाषक मुलाला तो शिकवायचा कशाला, असं कुणी विचारील. बोली बोलणाऱ्याचं बाकीचं सगळं मराठी जागच्या जागी असतं, आणि त्याच्या आसपासचे श्रोते त्या बोलीला सरावलेले असतात. शिकणाऱ्याच्या बोलण्यात प्रत्यय, लिंग, शब्दक्रम यांच्या चुका एकावर एक साठलेल्या असतात. अशा वेळी अर्थाला टेकू देणारा प्रत्येक भेद मोलाचा असतो.

संभाषणात दोन माणसं असतात, आणि संशोधनाचा अलीकडचा ओघ ऐकणाऱ्याकडे वळला आहे. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांना २००४ मध्ये आढळलं, की परक्या हेलाशी श्रोत्याचा कान मिनिटभराच्या आत जुळवून घेऊ लागतो. ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी २००८ मध्ये दाखवलं, की एका हेलाचे अनेक वक्ते ऐकले, की त्याच हेलाचा नवा वक्ताही जास्त समजतो. मराठी भाषकाला या सवयीची कधी गरजच पडली नव्हती. समोरचा जरा अडखळला, की आपण हिंदीवर उतरतो. ते सौजन्यच असतं, पण त्यामुळे शिकणाऱ्याचं मराठी पिकत नाही आणि आपला कानही तयार होत नाही. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात तमिळ, बंगाली, हिंदी हेलातलं मराठी ऐकून लिहून काढण्याचा सराव असायला हवा, म्हणजे खटकलेलं काय आणि खरोखर न कळलेलं काय, हे त्यांना स्वतःच्याच वहीत दिसेल.

अमेरिकेत आणि इतरत्र चालणाऱ्या मराठी शाळांची गरज थोडी निराळी आहे. तिथल्या मुलांची अडचण त आणि ट, द आणि ड यांच्या भेदाची, म्हणजे वर्कर आणि टीस यांच्या बाळांचीच. त्याच दोघांच्या १९८४ च्या दुसऱ्या अभ्यासात असं निघालं, की लहानपणी हिंदी कानावर पडलेल्या प्रौढांना, मधली वर्षं तिच्याविना गेली असली तरी, हा भेद ओळखता येत होता. आजी-आजोबांचं घरातलं बोलणं मुलानं उत्तर दिलं नाही तरी वाया जात नाही. ज्यांच्या कानावर ते पडलंच नाही, त्यांच्यासाठीही दार बंद नाही: प्रूट, जेंकिन्स आणि स्ट्रेंज यांनी २००६ मध्ये अमेरिकी आणि जपानी प्रौढांना हिंदीतला हा भेद सरावानं ऐकायला शिकवला. या सरावाला लागतात ती साधनं साधी आहेत. प्रत्येक मातृभाषेसाठी वेगळ्या निवडलेल्या वीसेक शब्दजोड्या. त्या म्हणणारे डझनभर आवाज, त्यांत पुरुष, बायका, मुलं, सांगलीचे, अमरावतीचे, लातूरचे आणि रत्नागिरीचे. आणि ऐकून शब्द निवडला, की बरोबर की चूक ते लगेच सांगणारी एखादी सोय. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. ध्वनिमुद्रण फोनवर होतं, आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेला ‘प्रात’ हा संगणकीय कार्यक्रम ते तपासायला फुकट मिळतो. आवाज देणारी माणसं शाळेच्या पालकांमध्येच सापडतील, आणि ‘डोया’ म्हणणारे पालक त्यात आवर्जून घ्यावेत.